मामासाठी फोन बघताना

आमच्या घराण्यात फोन घ्यायचा म्हणजे आधी मला विचारायचं, असा नियम कोणी केला नव्हता, पण पाळत सगळे होते. तसा फोनशी माझा काही धंद्याचा संबंध नाही. मरोळच्या एका ऑफिसात मी अकाउंट्स बघते. पण मला ठाम मतं असतात, आणि ठाम मतं असणाऱ्याकडे लोक आपोआप येतात. माझं शास्त्र सोपं होतं. ज्याला प्रत्येक गोष्ट स्वतःच्या मनासारखी बदलून हवी असते, अगदी घड्याळाचा आकारसुद्धा, त्याने अँड्रॉइड घ्यावा. ज्याच्या फोनवर घरातली पोरं झडप घालतात त्यानेही अँड्रॉइड, तोसुद्धा स्वस्तातला. ज्याला चारचौघांत मिरवायचंय त्याने आयफोन. आणि ज्याला आपला फोन दुसऱ्याच्या हातात बघवत नाही, त्याने तर आयफोनच. या शास्त्रावर मी काका, आत्या, शेजारच्या वहिनी अशा कितीतरी जणांना मार्गी लावलं होतं आणि अजून कोणी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं.

मग एक दिवस मामा म्हणाला, "माका एक फोन बघ गो."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून दिसत नाही. लग्न केलं नाही, मुलुंडला आमच्याकडेच राहतो. एका बँकेच्या घाटकोपर शाखेत तो टेलिफोन ऑपरेटर होता आणि निवृत्त झाला तरी त्याच्या आवाजातला ऑपरेटर निवृत्त झालेला नाही. घरात कोणी घाई केली की तो अजून त्याच सुरात सांगतो, "लाईन बिझी आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा." त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता. नंबर लावण्यात तो आम्हा डोळसांच्या दहापट तेज. अडचण एकच होती, मेसेजची. मेसेज आला की तो फोन माझ्यापुढे धरायचा आणि मी मोठ्याने वाचायचे. विजेचं बिल, ओटीपी, कर्ज हवंय का, कर्जतला प्लॉट हवाय का.

एका रविवारी जेवताना त्याने असाच फोन पुढे केला. घास चावत मी वाचायला लागले, "आज गवारीची भाजी केली. तुम्हाला आवडते म्हणाला होतात. मीठ जास्त पडलं, लक्ष दुसरीकडे होतं."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मामाच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"राँग नंबर असेल," तो म्हणाला.

"राँग नंबरला तुझी गवार कशी रे माहीत?" आईने विचारलं.

संध्याकाळी गॅलरीत त्याने मला सगळं सांगितलं. बाई त्याच बँकेच्या अंधेरी शाखेत ऑपरेटर होत्या. त्यांना दिसतं. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना लाईन जोडून दिल्या, आणि साहेब फोनवर येईपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात डब्यात काय आणलंय ते विचारून घेतलं. निवृत्तीनंतर बाईंनी कुठूनतरी याचा नंबर मिळवला. आता त्या बोरिवलीला मुलाकडे असतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वन रूम किचन, त्यात नातवाची दहावी, त्यामुळे घरात फोनवर बोलायची सोय नाही. म्हणून यापुढे लिहीन, असं त्यांनी एकदा बाहेरून फोन करून सांगितलं, आणि गवारीचा हा पहिलाच मेसेज.

"आणि तिका वाटता, मीच वाचतंय," मामा म्हणाला. "हल्लीचे फोन स्वतः वाचून दाखवतात ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं."

मी जोरात हसले. तो हसला नाही.

"ब्रेलमधली चार पत्रं सोड," तो म्हणाला. "बाकी मला आलेला प्रत्येक शब्द आधी दुसऱ्या कोणाला तरी कळलाय. शाळेचा निकाल हेडमास्तरांना, नोकरीचं पत्र तुझ्या आईला. आता ही बाई काय लिहिते ते आधी माका कळूंदे गो. तुका नको."

मला वाईट वाटलं आणि आनंदाने उड्या माराव्याशा पण वाटल्या, दोन्ही एकदमच. आमच्या मामाचं प्रेमप्रकरण! आणि फोन मी निवडायचा!

दुसऱ्याच दिवशी मी पाहण्याचा कार्यक्रम ठेवला. टेबलावर एका बाजूला माझा आयफोन, दुसऱ्या बाजूला आईचा अँड्रॉइड, मध्ये पोह्यांची बशी आणि खुर्चीत मामा. दोन्ही फोनांची वाचून दाखवायची सोय मी चालू केली. ती चालू केली की स्क्रीनवर बोट फिरेल तिथे जे असेल ते फोन बोलतो, आणि दोनदा टकटक केलं की उघडतो. कितीतरी वर्षं फोन वापरून मला हे माहीतच नव्हतं. माझ्या खिशात एक बोलणारी बाई होती आणि मी तिला कधी तोंड उघडू दिलं नव्हतं.

मामा दोघींशी बोलून बघायला लागला. माझ्या फोनचा आवाज ऐकून म्हणाला, "ही बातम्या देते काय गो?" आईच्या फोनचा ऐकून म्हणाला, "ही दवाखान्यातली. आता पुढच्या पेशंटला आत बोलावणार बघ." आईने चाचणी म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज टाकला, तेव्हा दोघींनीही तो असा काही वाचला की आईने मुकाट्याने देवनागरी कीबोर्ड शोधला. मग आवाज बदलता येतात असं कळलं. वेग वाढवता येतो असंही कळलं. मामाने वेग इतका वाढवला की आम्हाला नुसतं कुर्रर्र ऐकू यायचं आणि त्याला सगळं समजायचं.

"दोघी चांगल्या आहेत," तो शेवटी म्हणाला. "नकार कोणाला द्यायचा?"

आईने व्यवहार बघितला. तिच्या मते नव्या फोनच्या पैशात फ्रीज येतो, तेव्हा आधी घरातला जुना अँड्रॉइड वापरून बघावा, जमलं तर पुढचं. कपाटातून तो काढला, मामाचं सिम त्यात घातलं. चार दिवसांत मामा तो झकास चालवायला लागला. पाचव्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता.

फोनचा काही दोष नव्हता. आवाज मामानेच फुल ठेवला होता आणि आलेला मेसेज लगेच वाचून दाखव, असंही त्यानेच सांगून ठेवलं होतं. बिल्डिंगमधले सगळे हात जोडून बसलेले, गुरुजी कथेत रंगलेले, आणि मामाच्या खिशातून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, "आज काळ्या वाटाण्याची उसळ केली. तुमच्यासाठी डब्यात काढून ठेवली आणि मग आठवलं, डबा पाठवणार कुठे."

गुरुजींनी पोथीचं एक पान पुढे उलटलं, एक मागे.

"हा अध्याय माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

मग जे हसणं सुटलं ते आरतीपर्यंत थांबलं नाही. तळमजल्यावरच्या आजींना तर पाणी द्यावं लागलं. मामा मात्र भिंतीकडे तोंड करून बसला. प्रसाद वाटून झाल्यावर मी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "वाट लागली गो. परत सगळ्यांना माझ्या आधी कळलं."

आणि मला एकदम जाणवलं की आम्ही सगळे ज्यावर हसत होतो ते त्याचं एकट्याचं होतं, आम्हाला न दिलेलं.

रात्री आई भांडी घासत होती. मला वाटलं आता "या वयात" वगैरे सुरू होणार. पण ती म्हणाली, "उसळीला खोबऱ्याचं वाटप भाजून घेते की कच्चं, विचार त्याला." मग नळ बंद करून म्हणाली, "आणि त्याला चांगला फोन घे. फ्रीज चालतोय अजून."

मी मामाला इयरफोन सुचवले. त्याने साफ नकार दिला. "कान झाकले की मी घरात नसतो," तो म्हणाला. "कोण आलं, कोण गेलं, दूध उतू जातंय, मला कानानेच दिसतं ना." हे माझ्या शास्त्रात कुठेच बसत नव्हतं. कॅमेरा बाद, स्क्रीन बाद, रंग बाद. मी इतकी वर्षं ज्यावरून लोकांना ज्ञान पाजत होते ते सगळंच बाद.

शनिवारी आम्ही घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. सेल्समनने मामाकडे नीट न बघताच सुरुवात केली, "सर, कॅमेरा बघा, चंद्राचा फोटो येतो."

"कसा दिसतो चंद्र?" मामाने अगदी मनापासून विचारलं. सेल्समन बिचारा काळा चष्मा आणि पांढरी काठी बघून असा गोरामोरा झाला की मामालाच त्याची दया आली. त्याने सेल्समनचं बखोट धरून सांगितलं, "चंद्र सोड रे. बोलणारा दाखव."

पुढचा अर्धा तास त्या काउंटरवर नुसता कलकलाट होता. मी कंपनीच्या भाषेत काही बोलायला गेले की मामा हात वर करायचा. सगळे अँड्रॉइड ऐकून झाले. मग त्याच्या हातात आयफोन आला, बाई मोठ्याने बोलायला लागली, आणि मामाने जन्माच्या सवयीने फोन उचलून सरळ कानाला लावला.

फोनचा आवाज दुकानात ऐकू येईनासा झाला.

मला वाटलं बिघडलं काहीतरी. पण मग मी मामाचा चेहरा बघितला. तो ताठ उभा राहिला होता, मान जरा कलती, एक कान फोनला आणि दुसरा कान दुकानाला. बँकेतल्या त्याच्या खुर्चीत मी त्याला लहानपणी बघितलं होतं ना, अगदी तसाच.

"कानात बोलता गो," तो कुजबुजला. "फक्त माझ्या कानात!"

सेल्समनलाही आता चेव चढला. "सर, अजून एक," म्हणत त्याने मामाची तीन बोटं स्क्रीनवर तीनदा आपटवली. स्क्रीन काळीकुट्ट झाली. फोन मात्र कानात बोलतच होता. "पडदा आहे सर. दुसऱ्या फोनमध्येही मिळतो हा. शेजारच्याला काहीच दिसणार नाही."

"शेजारच्याला म्हणजे हिला," मामा म्हणाला आणि अख्खं दुकान ऐकेल असा हसला. त्याला आपला फोन दुसऱ्याच्या हातात बघवणार नव्हता. माझं शास्त्र इतकं चुकीचं पण नव्हतं तर!

घरी येऊन सिम घातलं, सगळं लावून दिलं, आणि मामा फोन घेऊन गॅलरीत गेला. आई पडद्याआडून बघत होती, मी आईच्या मागून. थोड्या वेळाने फोन टिंग वाजला. मामाने चाचपत तीन बोटं आपटली, काळा फोन कानाला लावला आणि ऐकायला लागला. एकदा ऐकलं, परत ऐकलं. मग त्याला हसू फुटलं, आतून आलेलं, लपवता न येणारं, आणि दुसऱ्या हाताने त्याने गॅलरीचा गज घट्ट धरला.

मला राहवेना. मी जवळ जाऊन त्याच्या बाहीला ओढलं. "मामा, सांग ना! काय लिहिलंय?"

त्याने फोन कानावरून हलवलासुद्धा नाही. ऑपरेटरच्या जुन्या आवाजात, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "लाईन बिझी आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करा."