पुजलेला मायक्रोस्कोप

खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग लॅबच्या मायक्रोस्कोपनेच काय घोडं मारलंय? बाजारपेठेतल्या ज्या छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथल्या मालकांनी त्यालाही हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. मी सुट्टीवर होते. शेजारच्या तेलाच्या उघड्या बाटलीत चिमूटभर कुंकू पडलं, ते त्यांना दिसलं नाही. टीबीचे जंतू बघताना काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये या तेलाचा थेंब टाकावा लागतो, नाहीतर इतकं बारीक काही स्पष्ट दिसत नाही.

दसऱ्याच्या सकाळी पिंपळवंडीची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं माहेर तळेघरचं, नवीनच लग्न झालेलं, खोकला हटत नव्हता. रंगवलेल्या बेडक्यात टीबीचे जंतू लाल दिसतात. मालकांना लाल दिसलं, त्यांनी टीबी लिहून टाकला. जंतू काडीसारखा असतो आणि कुंकवाचा कण ओबडधोबड, पण नीट बघायला वेळ कुणाला? त्यांना सोनं वाटायला जायचं होतं.

मी कामावर आले तर येईल त्याला टीबी. संशय आला म्हणून कोरी काचपट्टी लावली. तिलाही टीबी! बाटली फेकली, भिंग साफ केलं, सुनेची काचपट्टी पुसून नव्या तेलात पुन्हा पाहिली. एकही जंतू नव्हता. मालक म्हणाले, "गप बस. बभ्रा झाला तर लॅबला कुलूप लागंल." मला त्यांची किळस आली.

दुसरा रिपोर्ट घेऊन मी पिंपळवंडीला गेले. सासू ओट्यावर टोमॅटो निवडत होती. सुनेला तिने दसऱ्याच्याच दिवशी माहेरी धाडलं होतं, अंथरूणही जाळलं होतं.

"मावशी, तिला टीबी नाही. चूक आमची झाली. तिला घेऊन या."

तिने कागदाला हात लावला नाही. "ताई, आता येगळंच ठरलंय. येडगावची पोरगी बघितलीय, लई चांगलं घर हाय. तुमचा पयला कागदच ऱ्हाऊ द्या. सोडचिठ्ठीला वकिलानं त्योच मागितलाय."

आत तिचा मुलगा जेवत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. त्याने कालवण मागितलं.

तळेघरला एसटी कमी, बरंच चालून गेले. तुला टीबी नाही, एवढंच पोरीला सांगितलं. ती हसली, आत पळाली आणि सासरी जायची पिशवी भरू लागली.