लिनक्स आणि दादाचे चार तास

माझा थोरला भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. डोंबिवलीहून रिक्षाने पत्री पुलावरून कल्याणला, सकाळी सातच्या पाळीला. चार तास तो यंत्राला जोडलेला असे. नातेवाइकांना आत बसू देत नसत, म्हणून मी बाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचे. माझ्याकडे पुस्तक होतं. त्याच्याकडे काही नव्हतं.

आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. दादा शाळेत गणित शिकवायचा, मी ठाण्याच्या एका ग्रंथालयात होते. आई गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो. टीव्ही आम्ही कधी घेतलाच नाही. संध्याकाळी तो त्याच्या खुर्चीत वाचायचा, मी माझ्या. मग मधुमेहाने आधी त्याचे डोळे धरले आणि नंतर मूत्रपिंडं. अक्षरं विरघळत गेली. मी वाचून दाखवायचे, पण माझा घसा अर्ध्या तासात बसे. नुसतं ऐकत पडलं की त्याचा डोळा लागे, आणि दिवसा झोपला की पुढची रात्र बसून काढावी लागे.

हलतं चित्र मात्र त्याला बरंच दिसायचं. म्हणून सत्तरी उलटल्यावर आम्ही एका ऑनलाइन सेवेचे वर्गणीदार झालो. एका बेटावर दीपगृहाचा राखणदार नाहीसा होतो, अशी एक लांबलचक मालिका त्याने निवडली. त्याचा संशय पहिल्यापासून पोस्टातल्या बाईवर होता. मी म्हणायचे, ती बिचारी नुसती पत्रं वाटते. तो म्हणायचा, पत्रं वाटणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.

अडचण अशी की दादाच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. शाळेत संगणक आले तेव्हा चोरीची सॉफ्टवेअर घालायला त्याने नकार दिला होता. फुकट आणि राजरोस मिळतं म्हणून सगळ्या प्रयोगशाळेत त्याने लिनक्स चढवलं आणि निवृत्तीपर्यंत तेच शिकवलं. घरच्या जुन्या यंत्रावरही तेच. बाकी कशाला अडलं नाही. अडलं ते इथेच. त्या सेवेचं ॲप फोनसाठी होतं, टॅबसाठी होतं, विंडोजसाठी होतं. लिनक्ससाठी नव्हतं. ब्राउझरमध्ये मालिका दिसायची, पण चित्र पुसट. आधीच धूसर डोळे, त्यात धूसर चेहरे. "हा कोण आला?" असं तो विचारायचा आणि मी सांगायचे. घरी ते चालून जाई.

रुग्णालयात चालत नव्हतं. डायलिसिसचा विभाग तळघरात होता आणि तिथे नेटवर्क नव्हतं. भाग आधी डाऊनलोड करून ठेवायची सोय ॲपमध्येच होती, ब्राउझरमध्ये नव्हती. फोनवर उतरवून पाहिले, तर दादा म्हणाला, ओल्या काचेवरून मुंग्या चालल्यात. लॅपटॉपचा पडदा त्याला पुरला असता. परिचारिकेने पलंगावरच्या टेबलावर तो ठेवायची परवानगीसुद्धा दिली होती. पण त्यावर काही उतरत नव्हतं.

दादाने कंपनीला पत्र लिहिलं. म्हणजे त्याने सांगितलं आणि मी टंकलं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे, असं उत्तर दोन मिनिटांत आलं. दर महिन्याला तो नवं पत्र सांगायचा, शब्द बदलून, अधिक अदबीने. उत्तर तेच यायचं. एकदा लिनक्सच्याच ॲपच्या यादीत त्या सेवेचं नाव दिसलं. आम्ही हरखलो. कुणा हौशी माणसाने ब्राउझरलाच वेगळी चौकट बसवून ठेवली होती. आत तेच पुसट चित्र, आणि डाऊनलोडचं बटण नाहीच.

दादाचा एक जुना विद्यार्थी माजिवड्याला राहतो. चाळिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमध्येच आहे. तो रविवारी यायचा. त्याने नाना उपाय करून पाहिले, लॅपटॉपच्या आत खोटा फोन उभा करूनही पाहिला. यंत्र तापलं आणि बंद पडलं. विंडोजची आताची आवृत्ती त्या जुन्या यंत्राला पेलणारी नव्हती. डायलिसिसच्या तंत्रज्ञाने तर अख्खी मालिका पेनड्राइव्हवर आणून देतो म्हटलं होतं. दादाने त्याचे आभार मानले आणि नको म्हणाला. कॉपी करणाऱ्या मुलांचे पेपर मी हातातून काढून घेतले आहेत, आता मला कोण पाहतंय म्हणून घेऊ का, असं मला रिक्षात म्हणाला.

विद्यार्थी शेवटी वैतागून म्हणाला, "सर, लिनक्सवर पिक्चर बघणारे मोजून चार लोक. त्यांच्यासाठी कोण ॲप बनवणार?"

"त्या चारातला एक मी," दादा म्हणाला. "इतर तिघांना नमस्कार सांग."

गणपती गेले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी विद्यार्थी पुन्हा आला आणि म्हणाला, सर, लॅपटॉपचा नाद सोडा, मोठ्या पडद्याचा टॅब घेऊ. आत्ता मागवला तर मंगळवारी घरी येईल, बुधवारी तुम्ही तळघरात मालिका बघाल. दादाने लॅपटॉप मिटला. नंतर हळूच म्हणाला, हरलो मी, मागव.

आणि मी म्हटलं, पितृपंधरवडा लागतोय, आत्ता नवी वस्तू नको. घटस्थापनेला घेऊ.

हे मी म्हटलं. ग्रंथालयात हयात गेलेली, मुहूर्त पाहणाऱ्यांना मनातल्या मनात हसणारी मी. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण आईने त्या पंधरा दिवसांत साधा झाडूही कधी आणला नव्हता. घरात दुखणं असताना विषाची परीक्षा कशाला घ्यायची, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. दादाला काही होऊ नये म्हणून मी ते बोलले होते.

विद्यार्थ्याने हातातला फोन खाली ठेवला. दादा हसला.

"आई गेली," तो म्हणाला, "पण पंचांग तुझ्याकडे ठेवून गेली. राहू दे रे. पंधरा दिवसांनी पोस्टाची बाई कुठे पळून जात नाही."

सोमवार गेला, बुधवार गेला, शुक्रवार गेला. परतताना मी रोज विचारायचे, आज काय केलंस? पाढे म्हटले, म्हणायचा. एकोणतीसचा पाढा उलटा. दुसऱ्या आठवड्यात मी विचारणं सोडलं, कारण उत्तर द्यायलाही त्याला दम लागत होता. घरी आल्यावर तो झोपून राहायचा. सेवेच्या पानावर मालिकेचे सात भाग तसेच उरले होते.

दुसऱ्या शुक्रवारी, सर्वपित्रीला दोन दिवस असताना, तिसऱ्या तासाला त्याचा रक्तदाब कोसळला. आत धावपळ झाली ती मला दरवाज्याच्या काचेतून दिसली. वाचता वाचता मी मान वर केली होती, बोट पानातच होतं. मला आत घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं. परिचारिका म्हणाली, बाबा शांत होते, छताकडे बघत पडले होते. तिने ते माझं सांत्वन म्हणून सांगितलं.

कंपनीला दोष देता येतो. मी दिला, रागाने, पुष्कळ दिवस. फोनला ॲप देता, टॅबला देता, मग एका म्हाताऱ्या गणिताच्या मास्तराला का नाही? लिनक्सला नावं ठेवता येतात, दादाच्या हट्टालाही ठेवता येतील. पण ती सगळी दारं बंद झाल्यावर एक उघडलं होतं, आणि ते मी ओढून घेतलं. टॅब मंगळवारी आला असता. उरलेले सात भाग दोन सकाळींत संपले असते. माझ्या थांबण्याने तो जगला नाही. फक्त छताकडे बघत राहिला.

विद्यार्थी बाराव्याला आला होता. त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याच्या न काढण्याने मला जास्त लागलं. मीच त्याला म्हटलं, तू म्हणाला होतास. तो म्हणाला, बाई, असं नका धरून बसू.

ते सात भाग मी पाहिलेले नाहीत. ब्राउझरमध्ये दिसतात, पुसट का होईना; माझे डोळे चांगले आहेत. दोन-तीनदा लॅपटॉप उघडला. पण राखणदाराचं काय झालं ते मला कळेल, आणि ते मी कुणाला सांगणार? तो बरोबर होता की नाही, हेही मग मला एकटीलाच ठाऊक असेल. म्हणून मी पाहत नाही. सकाळी सातला जाग येते, सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. अकरा वाजेपर्यंत मी पुस्तक उघडत नाही. त्याने काही फिटत नाही, हे मला कळतं.