रूथबाईंचं चोवीस खिडक्यांचं खोकं

सन २०२४. माझं वय त्र्याहत्तर. त्या डिसेंबरात मी, दुसरी नापास सायकल मिस्त्रीनं, जर्मनीच्या कंपनीची चूक दुरुस्त केली. आमच्या दारव्ह्यात अजून कोणाला खरं वाटत नाही. ज्यांना वाटत नाही त्यांनी रूथबाई पाहिल्या नव्हत्या.

रूथबाई माझ्या दुकानासमोर राहायच्या. निवृत्त नर्स. पांढरी साडी, काळे बूट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. रस्त्यानं कोणी खोकलं की दारातून आवाज यायचा, "किती दिवस झाले?" उत्तर दिल्याशिवाय माणसाला पुढं जाता येत नसे. मी एकदा म्हटलं, "बाई, तुमी रिटायर झाल्या." त्या म्हणाल्या, "मी झाली. खोकला झाला का?"

त्यांची मुलगी शीला जर्मनीत नर्स होती. तिनं एका वर्षी एक खोकं धाडलं. पुठ्ठ्याचं, शाळेच्या पाटीएवढं, वर बर्फातल्या घराचं चित्र अन् त्यात चोवीस खिडक्या. नाताळाची वाट पाहायचं खोकं म्हणे. एक डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची, आत एक चॉकलेट. चोविसावी उघडली की दुसऱ्या दिवशी नाताळ. पण नंबर ओळीनं नव्हते. एकाच्या शेजारी सतरा, सतराच्या खाली चार. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, छपाई चुकली."

"मुद्दाम चुकवली, मिस्त्री. शोधा लागलं पाहिजे."

मुद्दाम कोणी चुकवते, हे मला आजही पटलेलं नाही.

चॉकलेटं संपली. दुसऱ्या घरी खोकं चुलीत गेलं असतं. बाई म्हणाल्या, "पोट रिकामं झालं म्हणून माणूस फेकते का कोणी?" पुढच्या डिसेंबरात त्याच खिडक्यांत त्यांनी गुळाचा खडा, फुटाणे, भाजलेलं जवस, शर्टाची गुंडी असं भरलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मला हाक मारायच्या अन् त्या दिवशीची खिडकी उघडायला लावायच्या. कधी आत चिठ्ठी निघायची. एकदा निघाली, "आज सुनेला टोचून बोलायचं नाही." मी बोललो, पण चहा पिईपर्यंत थांबून बोललो.

एकदा चार तारखेला मी हळूच पाच नंबरही उघडला. बाईंनी पाठीमागून पकडलं. "एका दिवशी दोन डोस? जुलाब लागतीन तुमाले!" अन् आत होती सेफ्टीपिन.

दरवर्षी दोन-चार खिडक्या तुटायच्या. मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सोल्युशननं बिजागऱ्या लावून द्यायचो. होता होता अर्धं खोकं रबराचं झालं. शीला फोनवर म्हणे, "आई, नवीन पाठवते." बाई म्हणत, "नवीन कायले? हे तं आत्ता कुठं वळणावर आलं."

मग शीला नोकरी सोडून नागपूरला आली. फ्लॅट घेतला. त्या डिसेंबरात एक दिवस बाई माझ्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या अन् उद्या नळ येणार नाही असं सांगावं तसं म्हणाल्या, "सव्वीसले शीला घेऊन चालली मले. कायमची."

"बरं," मी म्हटलं. हातात ट्यूब होती. पंक्चर एक होतं, ठिगळं मी दोन लावली.

चोवीस तारखेला शेवटची खिडकी उघडल्यावर मी खोकं दुरुस्तीला म्हणून घरी आणलं. खाली ओळीनं माचिसच्या सात रिकाम्या डब्या चिकटवल्या. ऑइलपेंटनं पंचवीस ते एकतीस आकडे टाकले. माझे आकडे सरळ ओळीत, जर्मनीसारखे नाहीत. आत टाकायला काही सुचेना म्हणून सायकलच्या बेअरिंगचा एकेक छर्रा टाकला.

नाताळाच्या सकाळी घेऊन गेलो. घरात करंज्या, पाहुणे, शीला. बाईंनी पंचविसाची डबी उघडली अन् छर्रा तळहातावर घेतला.

"हा कोणता डोस, मिस्त्री? गिळू का?"

"महिना एकतीसचा असते, बाई. कंपनीनं सात दिवस मारले. मी भरून देल्ले."

"काका, ते चोवीसचंच असतं," शीला म्हणाली. "नाताळ आला की वाट पाहणं संपलं."

"तुमचं संपलं असन."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सातही डब्या बोटानं मोजल्या. मग शीलाला म्हणाल्या, "तू उद्या जाय. एकतीसले ये."

"आई! सामान बांधलंय!"

"राहू दे बांधलेलं. कोर्स मधात सोडला तं औषध उलटते, इतकंही जर्मनीत शिकवलं नाई का तुले?"

शीला माझ्याकडं अशी पाहत होती जसा मीच आजार होतो.

ते सहा दिवस आम्ही रोज एक डबी उघडली. रोज छर्रा निघाला, अन् रोज बाई, पाहिला नसल्यासारखा, उजेडात धरून पाहायच्या. एकतीसला दुपारी शीलाची गाडी दारात उभी होती. बाईंनी शेवटची डबी उघडली. छर्राच.

"याच्यात काही लिहून असन, असं वाटलं होतं मले," त्या म्हणाल्या.

"लिहिता येते मले," मी म्हटलं.

"मंग?"

"कागद नव्हता."

बाईंनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडं पाहून नाडी मोजली, अन् आकडा न सांगता गाडीत बसल्या. खोकं मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पोस्टात गेलो, एक कार्ड घेतलं. खिडकीतला बाबू म्हणाला, "आबाजी, द्या, मी लिहून देतो." मी म्हटलं, "तुहं काम ठप्पा मारायचं." उभ्या उभ्या लिहिलं, "रूथबाई, तुमी गेल्या ते मले पटलं नाही." माझं अक्षर मोठं, तेवढ्यात कार्ड भरलं. पत्त्याच्या जागी शीलाचा नागपूरचा पत्ता घातला. बाबूनं वाचून दोन चुका दाखवल्या. मी म्हटलं, "तुले नाही लिहिलं," अन् पेटीत टाकलं.