कानामागचा भाग्यवान तीळ

मुलीची किड्यांची भीती घालवण्यासाठी मी तिला जून महिन्यात दुबईच्या बागेत नेलं आणि सोबत डबाभर आमरस घेतला.

यातली चूक मला आज स्पष्ट दिसते. तेव्हा मात्र मला त्यात फक्त माझी दूरदृष्टी दिसली होती!

साल दोन हजार नऊ. मंदीने दुबईच्या करामा भागातली आमची बिल्डिंग निम्मी रिकामी केली होती. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस "कसं काय?" असं न विचारता थेट "अजून आहेस?" असं विचारायचा. मी होतो. पण कंपनीने पगार कापला, घरभाडं बंद केलं आणि वर एचआरच्या बाई गोड हसून "यू आर व्हेरी लकी" म्हणाल्या. त्या लकचा हिशेब असा निघाला, की शाळा संपली की माझी बायको माधवी आणि आठ वर्षांची सई चिपळूणला माधवीच्या भावाकडे राहायला जाणार आणि मी इथेच कुणाच्या तरी खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहणार. चिपळूणला जायचंय, हे सईला माहीत होतं. बाबा येणार नाही, हे माहीत नव्हतं. ते सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते रोज मोठ्या निष्ठेने उद्यावर ढकलत होतो.

सईची काळजी वेगळीच होती. तिचा जन्म दुबईचा. निसर्ग म्हणजे मॉलमधले काचेआडचे मासे, अशी तिची समजूत. बाथरूममध्ये झुरळ निघालं की ती सोफ्यावर चढून जी किंचाळायची, त्यावरून खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब घड्याळ लावायचं.

"मामाकडे कॉक्रोच आहेत?" तिने विचारलं.

"छे!"

"स्पायडर्स?"

"आहे एक. पण म्हातारा झालाय. फारसा फिरत नाही."

"देन आय ॲम नॉट गोइंग."

म्हणून मी योजना आखली. बागेत न्यायचं, किड्यामुंग्यांशी मैत्री करून द्यायची आणि ती खुशीत आली की हळूच दुसरी गोष्ट सांगायची.

"आज सांगितलं नाहीस ना," पुऱ्या डब्यात भरता भरता माधवी म्हणाली, "तर मी विमानात सांगीन. आणि तुझ्याबद्दल काय काय सांगायचं, ते माझं मी ठरवीन!"

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघालो. बरोबर वरच्या मजल्यावरचे नाडकर्णी होते. त्यांची बायको-मुलं आधीच वेंगुर्ल्याला गेली होती. तेव्हापासून ते आमच्याकडे 'सहज' डोकवायचे आणि त्यांचं सहज नेमकं आमच्या कुकरच्या शिट्टीला जुळायचं. (माधवी न बोलता त्यांच्या वाटणीचा भात आधीच लावायची.) नाडकर्ण्यांना हात, पत्रिका आणि अंगावरचे तीळ वाचता येत. स्वतःची कंपनी बंद पडतेय, हे मात्र त्यांना पेपर वाचून कळलं होतं.

जूनमधली दुबईची संध्याकाळ म्हणजे कुणीतरी आपल्या तोंडासमोर हेअर ड्रायर धरून विसरून गेल्यासारखी! पण बाग खरंच सुरेख होती. दिवसरात्र पाणी पिऊन तुकतुकीत झालेली हिरवळ, कुंपणावर उतू गेलेली बोगनवेल, डोक्याला तुरा खोचून ऐटीत चोच मारत फिरणारा हुदहुद, आणि कडुनिंबांची रांग. खाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. तो वास नाकात गेला आणि माधवी नुसतीच उभी राहिली.

"बघ सई," मी हात पसरून म्हणालो, "निसर्ग!"

"इट्स हॉट," सई म्हणाली.

मी पहिला धडा सुरू केला. एक मुंगळा अंगठ्यावर घेतला. "हे बघ, घाबरायचं नाही. आपण शांत राहिलो की तोही शांत राहतो."

"बाबा, तुझा फेस असा का झाला?"

"हसतोय मी."

"तो चावला?"

"छे! गुदगुल्या करतोय." (अंगठा दुसऱ्या दिवशीपर्यंत छोट्या वांग्याएवढा सुजलेला होता.)

मग आमरसाचा डबा उघडला. आधी एक माशी आली. तिने वास घेतला आणि ती परत गेली. मला वाटलं, गेली! ती निरोप द्यायला गेली होती. पाचच मिनिटांत आमच्या चटईवर माशांचं संमेलन भरलं. माशांनी मुंग्यांना कळवलं, आणि मुंग्यांनी बहुतेक शारजालासुद्धा फोन केला. शेवटी एक गांधीलमाशी आली आणि थेट माझ्या वाटीच्या काठावर बसली, जणू तिच्या नावाने पान वाढलंय!

"उठा!" माधवी ओरडली.

"बसा हो वहिनी," नाडकर्णी रसात पुरी बुडवत म्हणाले, "निसर्ग आहे."

आम्ही चटई, डबे आणि नाडकर्णी उचलले आणि पलीकडच्या झाडाखाली गेलो. तिथे एक भुऱ्या रंगाची मांजर पसरली होती. ती उठली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला जागा करून दिली. मी उपकार मानून नेमका तिथेच आडवा झालो. मांजरीने ती जागा इतक्या सहज का सोडली असेल, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

मग मात्र खरंच छान वाटलं. ऊन उतरलं होतं. साळुंक्या भांडत होत्या. सई माझ्या पोटावर डोकं ठेवून मांजरीकडे बघत होती.

"मामाकडे मांजर आहे?"

"दोन आहेत."

"मग एक तुझी, एक माझी," ती म्हणाली. "तुझी ब्लॅकवाली."

माधवीने माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला. "सई, बाळा, एक सांगायचंय..."

"थांबा!" नाडकर्णी ओरडले. "मिलिंदराव, हलू नका! हा तीळ कधीचा?"

"कुठला तीळ?"

"उजव्या कानामागे. वहिनी, हा आधी होता?"

माधवीने वाकून पाहिलं. "नाही बाई. लग्नापासून मी तरी पाहिला नाही."

नाडकर्णी गुडघ्यांवर उठले. त्यांचा आवाज थरथरत होता. "उजव्या कानामागे नवा तीळ! अहो, राजयोग! नोकरीत स्थैर्य! परदेशात कुटुंबसौख्य!"

माधवीचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. पण त्या संध्याकाळी ती "काहीतरीच!" म्हणाली नाही. तिने त्या तिळाला अगदी हलकेच बोट लावलं. मी तर तिळाच्या भरवशावर मनातल्या मनात तिकिटं रद्द केली, घर टिकवलं आणि हॉलला नवे पडदेसुद्धा लावून टाकले!

"अरे," माधवी म्हणाली, "तीळ सरकला."

"तीळ सरकत नसतो वहिनी," नाडकर्णी म्हणाले. "तीळ स्थिर असतो."

"भाऊजी, तो केसांत चाललाय!"

नाडकर्ण्यांनी चष्मा चढवला, नीट पाहिलं आणि ज्या आवाजात राजयोग सांगितला होता, त्याच आवाजात जाहीर केलं, "गोचीड!"

त्यानंतर मी काय केलं, ते मला आठवत नाही. इतरांना आठवतं. मी म्हणे उभ्या उभ्या उडी मारली, आणि खाली आलो तो उजवा पाय थेट आमरसाच्या डब्यात. मग तसाच, डब्यासकट, "काढा! काढा!" असं ओरडत हिरवळीवर गोल धावलो. मागे माधवी, तिच्यामागे नाडकर्णी, आणि त्यांच्यामागे, रसाच्या ओढीने, ती गांधीलमाशी!

शिट्टी फुंकत बागेचा रखवालदार आला. "क्या हुआ साब? हार्ट अटॅक?"

"नहीं! कीडा!"

"कितना बडा?"

माधवीने दोन बोटांच्या चिमटीत माप दाखवलं. रखवालदाराने त्या मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, शिट्टी खिशात घातली आणि "यल्ला, यल्ला" करत जमलेली गर्दी पांगवली.

मला बाकावर बसवण्यात आलं. एव्हाना गोचिडीने कानामागे निवांत जागा बघून दात रोवले होते.

"काडी पेटवून चटका द्या," नाडकर्णी म्हणाले. "वेंगुर्ल्यात आम्ही म्हशीला..."

"मी म्हैस नाही!"

"म्हैस इतकी ओरडत नाही," नाडकर्ण्यांनी मान्य केलं.

माधवीने पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढला. पण तिचा हात काही स्थिर राहीना. ती हसत होती. माझ्या कानाशी चिमटा आणायची, पायातल्या डब्याकडे बघायची आणि पुन्हा हसायची. हसता हसता तिने तोंड फिरवलं. खांदे हलत होते, पण आता हसण्याचा आवाज येत नव्हता. नाडकर्णी एकदम निंबोळ्या न्याहाळू लागले.

सईने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"बाबा, सिट. डोन्ट मूव्ह."

"अगं, तुला भीती वाटते ना?"

"इट्स सो स्मॉल, बाबा!"

तिने डाव्या हाताने माझा कान धरला. गरम, चिकट, आमरसाची बोटं. बारीकसं ओढल्यासारखं झालं. "गॉट इट!" तिने चिमटा डोळ्यांसमोर धरला. "आई, बघ! इट हॅज लेग्ज!" ती भान हरपून बघत राहिली. मग नाडकर्ण्यांनी राजयोग टिशूत गुंडाळला आणि चपलेखाली चिरडला.

माझ्याकडे योजना उरली नव्हती. एक पाय डब्यात, कानाला सॅनिटायझर, अशा अवस्थेत मी बोलून टाकलं. "सई, मी चिपळूणला नाही येत. तू आणि आई जाणार. मला इथे काम आहे, म्हणून मी इथेच राहणार."

सईने माझ्याकडे पाहिलं. आधी सुजलेल्या अंगठ्याकडे, मग कानाकडे, मग डब्याकडे. तिची हनुवटी जराशी थरथरली. मी जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिनेच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोपटलं.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "तू येऊच नकोस. मामाकडे खरे किडे असतात. यू विल क्राय."