न दिलेला संदर्भ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांनाही नाही. सत्कारांत मी वाघाडे सरांचं नाव घेतलं, दरवेळी घेतलं, टाळ्याही पडल्या — पण हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

मी उमरेडचा. वडील मागावर बसायचे. घरातला पहिला पदवीधर मी. एसटीने नागपूरला कॉलेजात यायचो आणि इंग्रजीतलं निम्मं डोक्यावरून जायचं. भौतिकशास्त्र मला कळायला लागलं ते तिथे शिकवणाऱ्या वाघाडे सरांमुळे.

एका एप्रिलात त्यांनी मला वर्गाबाहेरच्या माठाला हात लावायला सांगितलं. म्हणाले, "पाह्य गा, पाणी झिरपून राहिलं म्हणून माठ थंड हाय. मंग न झिरपणाऱ्या भांड्याचंच गणित आपण काहून शिकवतो?"

पुस्तकातलं क्वांटमचं गणित — हर्मिशियन म्हणतात त्याला — बंद भांड्याचं. आतलं बाहेर जात नाही आणि ऊर्जा साधी, वास्तव संख्या येते. पण किरणोत्सारी अणुकेंद्र तर झिरपतं! सरांनी फळ्यावर ऊर्जेला एक काल्पनिक भाग जोडला. हा भाग सांगतो, म्हणाले, ते केंद्र किती टिकेल. काल्पनिक संख्येत कुणाचं आयुष्य लिहिलेलं असू शकतं? त्या दिवशी परतीच्या एसटीत जागा असूनही मी उभाच राहिलो होतो.

आणि सरांचा स्वतःचा शोध याच्याही पुढचा होता. या झिरपत्या गणितात एक आकडा हळूहळू बदलत नेला, की एका ठिकाणी दोन अवस्था मिसळून एकच होतात. नुसती ऊर्जा सारखी नव्हे — अवस्थाच एक. बंद भांड्यात हे कधी घडत नाही. दोन पानांत त्यांनी ते सिद्ध केलं आणि कॉलेजच्या विज्ञानपत्रिकेत छापलं. किती जणांनी वाचलं असेल? मी वाचलं. आजही ती पानं आठवली की माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे संशोधन करताना मी तीच कल्पना अणुकेंद्रांच्या प्रयोगांना लावून पाहिली. लागू पडली. लेख परदेशी नियतकालिकाला पाठवला. संदर्भांच्या यादीत जर्मन नावं होती, रशियन होती, जपानी होती. सरांचं — नव्हतं. नागपूरच्या एका कॉलेजची पत्रिका पाहून परीक्षक हसतील, असं मी स्वतःला समजावलं.

लेख गाजला. सरांना प्रत नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग आत हाक मारली, "अवं, चहा ठेव. आपल्या पोराचं नाव झालं!"

काही वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्यांनीच मला ग्रंथालयात नेलं. तिथे ते जाडजूड खंड आले होते — जगात कुणाच्या लेखाचा उल्लेख कुणी केला, याची सूची. एकाने जरी उल्लेख केला तरी नाव छापलं जातं. सरांनी भिंगातून माझं नाव शोधलं. खाली बारीक अक्षरांत ओळींमागून ओळी. "बाप्पा रे! जपानवाल्यालेही तुही गरज पडून राहिली, गा!"

मग त्यांनी दुसरा खंड काढला. 'डब्ल्यू'चा, स्वतःच्या आडनावाचा. बोट रकान्यावरून हळूहळू खाली गेलं, थांबलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. मी मागेच उभा होतो. माझी एक ओळ, फक्त एक, आणि त्यांचं नाव तिथे असतं. माझ्या नावासकट.

परीक्षक हसतील म्हणून मी ती ओळ गाळली, हे खोटं आहे. ती ओळ दिली असती तर माझ्या लेखाचा प्राण माझा नाही, हे जगाला दिसलं असतं. म्हणून गाळली. नंतरच्या प्रत्येक लेखात ती घालता आली असती. कुठेच घातली नाही.

सरांनी खंड मिटला, त्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि तो होता तिथे नीट ठेवला.

"चाल गा," म्हणाले, "उन्हं चढून राहिले."

बाहेर त्यांनी माझ्या डोक्यावर आपली छत्री धरली. मी त्या सावलीत चाललो.