मोजणी संपेपर्यंत

ऑफिसातली गेलेली लाईन परत आली की भाऊ आधी यंत्राचं बटण दाबायचे आणि मग लोखंडी कपाटावर तळहात ठेवून उभे राहायचे. तापलेल्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. पडद्यावर पांढरे आकडे वर चढू लागायचे. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "मोजू द्या ना त्याले, बाई. कायले घाई करून राहिल्या?"

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलं आहे. मागे एकदा मी ऑफिसातून तुमच्याशी व्हिडिओवर बोलत होते, तेव्हा माझ्या पाठीमागे हातात पिवळं फडकं घेतलेले एक गृहस्थ पडदा पुसत होते. "आजी, ते कोण?" असं तुम्ही विचारलं होतं. मी घाईत "आमचे कॉम्प्युटरवाले" एवढंच सांगितलं. उत्तर फार तोकडं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

आजोबा गेले आणि मी शाळेतून निवृत्त झाले, त्यानंतर घर फारच व्यवस्थित राहू लागलं. वस्तू जिथे ठेवावी तिथेच सापडायची. म्हणून गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या एका लहान संस्थेत मी इंग्रजी अहवाल तपासायला जाऊ लागले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. संस्था जिल्ह्यातल्या जुन्या गावतलावांचे नकाशे करते: पाळ म्हणजे मातीचा बांध किती उंच, गाळ किती, पाणी कुठवर चढलं तर धोका. मोजणीदार गावोगाव फिरतात आणि मापं पाठवतात. ती सगळी मापं एकाच वेळी डोळ्यांसमोर धरायची, तर यंत्राला मेमरी भरपूर लागते. आमच्या यंत्राला ती इतकी होती की नागपूरच्या मुख्य कार्यालयालाही त्याचा हेवा वाटायचा.

पण यंत्राची एक खोड होती. बंद पडून पुन्हा सुरू झालं की ते आपली सगळी मेमरी कोपऱ्याकोपऱ्यातून तपासायचं आणि मगच कामाला लागायचं. त्यात पंचवीस मिनिटं जायची. बॅटरी म्हातारी झालेली. लाईन जाईल तितक्या वेळा पंचवीस मिनिटं.

मोजणीदार बाहेर असायचे. ऑफिसात आम्ही दोघंच. भाऊ जवळच्या कामठा गावाहून मोटारसायकलवर यायचे, सोबत चहाचा थर्मास. बायको वारलेली, मुलगी रायपूरला दिलेली. पंचवीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसून आकडे चढताना पाहायचो आणि बोलायचो. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी गावचा तलाव बांधला होता. पाळीवर माती कशी चोपायची, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार कुठे बसवायचं, हे त्यांच्या घरात लहानपणीच शिकवायचे. "मी शिकलो थोडा जास्त, म्हणून या डब्याजवळ येऊन बसलो," म्हणायचे. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगायचे. तुमच्या परीक्षांच्या तारखा त्यांना माझ्याइतक्याच पाठ होत्या. खरं सांगते, लाईन जावी असं मला सकाळपासून वाटायचं.

एका पावसाळ्याच्या शेवटी नागपूरहून निरोप आला. गोंदियात यंत्र दिवसाचे तासन् तास नुसतं मोजत बसतं; दोन महिन्यांत सुधारणा झाली नाही, तर यंत्र नागपूरला हलवू. यंत्र गेलं की त्यांचं काम संपणार होतं आणि माझ्या अहवालांनाही इथे कारण उरणार नव्हतं. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही नागपूरला जाल का?"

"मी कायले जातो? माझा तलाव तिथं येते का?"

पण ते घाबरले होते. घाबरलेला शहाणा माणूस करतो तेच त्यांनी केलं. मेमरीची तपासणीच बंद करून टाकली. यंत्र तीन मिनिटांत उभं राहिलं. त्यांनी मला चिमटीभर बडीशेप दिली आणि म्हणाले, "घ्या. नागपूरवाल्यांना कळवा तुमच्या इंग्रजीत."

मी कळवलं.

आठवड्याभराने एका गावच्या तलावाचा नकाशा निघाला. त्यात पाळीला मधोमध फूटभर खोलगा दिसत होता. तलाव भरलेला. फोन गेला. गावकऱ्यांनी पाळ फुटायच्या भीतीने तुडूम उघडून तीन हात पाणी सोडून दिलं. मग मोजणीदार पाळीवर जाऊन आला, तर पाळ सरळ. खोलगा पाळीत नव्हता. यंत्राच्या मेमरीची एक पट्टी खराब झाली होती, आणि तपासणी बंद असल्याने ते कुणाला कळलंच नव्हतं. धान गर्भात होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. त्याला शेवटचं पाणी लागणार होतं, ते नाल्यातून वाहून गेलं होतं.

भाऊ दुसऱ्या दिवशी त्या गावात गेले. मीही सोबत गेले, माणसं बाईसमोर जरा कमी बोलतात म्हणून. तसं काही झालं नाही.

"तुमच्या डब्यापायी आमचं पाणी गेलं," एक म्हातारे म्हणाले. "तुम्ही तर तलाव बांधणाऱ्याच्या घरचे. तुमाले डोळ्यानं पाळ पाहता येत नव्हती?"

"येत होती," ते म्हणाले. "पाहाले आलो नाही. माझं चुकलं."

एवढंच. कारण सांगितलं नाही, खराब पट्टीचं नावही काढलं नाही. परतताना बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. एरवी ते गाडी थांबवून पाहायचे. त्या दिवशी मान वर केली नाही.

तपासणी पुन्हा सुरू झाली. पुन्हा पंचवीस मिनिटं, पुन्हा थर्मास. पण आता ते बोलत नसत. पडद्याकडे पाहत राहायचे, आणि दोन महिन्यांतले दिवस सरत होते.

शांतता असह्य होऊन मीच एकदा शाळेचं सांगायला लागले. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांची हजेरी मैदानावरच व्हायची. पहिला तास त्यातच बुडायचा. मी ती रीत बदलली. मुलींनी सरळ वर्गात जायचं. पहिल्या वर्गाची हजेरी झाली की तिथे शिकवणं सुरू. बाकीच्या वर्गांत त्यांच्या त्यांच्या बाई एकाच वेळी हजेरी घेतील. फक्त एक नियम: हजेरी झाल्याशिवाय कुठल्याही वर्गाने पटांगणात पाऊल टाकायचं नाही.

त्यांचा कप ओठांपाशी थांबला. "ज्याची हजेरी नाही झाली, त्याले सोडतच नव्हत्या?"

"अजिबात नाही."

"आणि बाकीचे शिकून राहायचे?"

"हो."

"बाई," ते कप खाली ठेवत म्हणाले, "हे तुम्ही एवढे दिवस काऊन नाही सांगितलं?"

पुढचे तीन आठवडे ते जाडजूड कागदांचे गठ्ठे वाचत होते. अडलेलं इंग्रजी मी सोपं करून देत होते. शेवटी त्यांनी केलं ते असं: यंत्राने जागं होताना मेमरीचा एक लहान तुकडाच तपासायचा आणि तेवढ्यावर काम सुरू करायचं. उरलेली मेमरी यंत्राच्या सगळ्या मेंदूंनी आपसांत वाटून घेऊन मागच्या मागे तपासायची. तपासून झालेला तुकडा कामाला द्यायचा; न तपासलेल्याला हात लावायचा नाही. तुम्हाला हे माझ्याहून चांगलं समजेल. मला ती माझी शाळा वाटते.

नागपूरहून दोघे आले. त्यांच्यासमोर यंत्र बंद करून सुरू केलं. चार मिनिटं. मुद्दाम लावलेली खराब पट्टीही यंत्राने बाजूला काढून दाखवली. पाहुणे खूश झाले. यंत्र गोंदियातच राहणार असं सांगून गेले.

ते गेल्यावर भाऊंनी ती खराब पट्टी काढून यंत्र पुन्हा सुरू केलं आणि थर्मास उघडला. दोन कप भरले. आम्ही समोरासमोर बसलो. माझा कप अर्धाही झाला नव्हता, तेव्हा यंत्राने कामाचा पडदा दाखवला. भाऊंनी थर्मासचं झाकण लावलं. मग उठून आपला कप टेबलाशी घेऊन गेले आणि आलेली मापं भरू लागले. मी अहवाल उघडला. आम्ही दोघांनी मिळून ती पंचवीस मिनिटं संपवली होती, आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करणार?

पुढे त्यांचे डोळे अधू झाले. मुलगी येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. फोनवर म्हणाले, "इथं सगळं लवकर सुरू होते, बाई. बसाले कोणाले वेळच नाही." थंडीत मुलीचाच फोन आला. बाबा गेले म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या नातवंडांच्या परीक्षा झाल्या का? त्यांनी विचारलं होतं."

आता नागपूरहून एक हुशार बाई महिन्यातून दोनदा येते. मागच्या वेळी तिने मला पडद्यावर दाखवलं: यंत्र सुरू होताना क्षणभर दोन ओळी येतात. पहिली नेहमीची. दुसरीसमोर भाऊंनी लिहून ठेवलं होतं, "जुनी मोजणी – बाईंसाठी".

"ही कुणी ठेवली? हिचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हणाले.

गेल्या रविवारी मी हिशोबाने तुमच्या फोनच्या वेळेला घरी असायला हवं होतं. पण मोजणीदाराने मापं पाठवली होती म्हणून ऑफिसात आले, आणि लाईन गेली. आली तेव्हा मी एकटीच होते. पहिली ओळ सोडून दुसरी निवडली. आकडे चढायला लागले. मी कपाटावर तळहात ठेवला. ते हळूहळू गरम होत गेलं.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. तुमचाच होता. आठवडाभर मी त्याची वाट पाहते. तुम्ही नंतर विचारलंत, आजी, तू फोन का नाही उचललास? तेव्हा मी काहीतरी सांगितलं. खरं हे आहे. मोजणी अजून अर्ध्यावर होती.