एसी बंद, टेक चालू

आमच्याकडे चार मराठी माणसं जेवायला जमली की अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच, "शिरीष, तो ऑडिशनचा किस्सा सांग ना!" मग मी विचारतो, "कुठला?" कारण हे किस्से मी काही मुद्दाम जमवलेले नाहीत. दुबईत खिडक्या बंद ठेवल्या तरी धूळ साठते, तसे ते घरात साठत गेले. मीही मग आवाज बदलून, हातवारे करून सगळे सांगतो. एक सोडून.

*

आमची मिहिका तेव्हा बारावीला होती. तिला म्युझिकल थिएटर शिकायचं होतं. म्हणजे गाणं, नाच आणि अभिनय अशी तिन्ही एकत्र शिकवणारी कॉलेजातली पदवी, आणि तीही अमेरिकेत! पाचवीत शाळेच्या नाटकात ही झाड झाली होती. संवाद नव्हताच, पण झाडाला गाणं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

या कॉलेजांना आधी घरूनच व्हिडिओ पाठवायचा असतो. दोन गाणी, नाटकातला एक उतारा, थोडा नाच. तो पसंत पडला तरच पुढची खरी ऑडिशन. आम्ही आठ कॉलेजं निवडली होती आणि आठही ठिकाणी तोच एक व्हिडिओ जाणार होता.

आमचे शेजारी इक्बालभाई मूळचे रत्नागिरीचे, इथे टाइल्सचा धंदा. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे कॉलेजात जायला गावं लागतं? आमच्या टायमाला नुसतं गावाहून यावं लागायचं!"

*

दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. मिहिकाच्या खोलीचा आम्ही स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, भारतातून आणलेल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. दिवे आणले, माइक आणला. आणि पहिल्याच दिवशी कळलं की माइकमध्ये मिहिकापेक्षा एसी जास्त ऐकू येतो.

मग नियम ठरला. मी रिमोट हातात धरून ओरडायचो, "एसी बंद!" आणि सप्टेंबरातल्या दुबईत, चारी बाजूंनी गोधड्या लावलेल्या बंद खोलीत टेक सुरू व्हायचा. त्यात तिचं पहिलं गाणं होतं बर्फावर! बाहेर हिम पडतंय, मी एकटी चालले आहे, वगैरे. नवव्या टेकला हिच्या भुवयांवरून धार लागली होती.

तो टेक आम्ही सांगलीला आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "किती जीव ओतून गाते रे पोर! डोळ्यांतून नुसत्या धारा!"

"आई, तो घाम आहे!"

*

व्हिडिओच्या सुरुवातीला मुलांनी कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव आणि उंची सांगायची असते. याला स्लेट म्हणतात. दहा सेकंदांचं काम. आम्हाला एक अख्खी दुपार लागली.

मिहिका म्हणाली, "आय ॲम फाइव्ह थ्री." तेवढ्यात दाराआडून वृंदा म्हणाली, "पाच चार सांग! वाढतं वय आहे!" टेक वाया. पुढच्या टेकला वृंदाने तोंडावर हात धरला, पण शिंकली. त्याच्या पुढच्या टेकला कुकरची शिट्टी झाली. शेवटी मिहिकाने शांतपणे कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हाय, आय ॲम मिहिका, आय ॲम फाइव्ह थ्री, अँड माय मदर इज हायडिंग बिहाइंड द डोअर."

आम्ही तिघंही हसून लोळलो. मी तो टेक पुसून टाकला. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची ना! दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. चूक दिसली की हात शिवशिवतात. आज तो टेक माझ्याकडे असता तर काय वाटेल ते दिलं असतं.

*

नाटकातल्या उताऱ्यात एक मुलगी आपल्या वडिलांवर चिडते, असं होतं. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची असतात. ते अर्थातच मी. मी सपाट आवाजात म्हणायचो, "आय ओन्ली वॉन्टेड टु हेल्प यू," आणि मिहिका किंचाळायची, "यू नेव्हर आस्क्ड मी, डॅड! यू रुइन्ड इट!"

असं चौदा वेळा झालं. चौदाव्या वेळी बेल वाजली. दारात इक्बालभाईंच्या नसीमभाभी, हातात सांदणांची ताटली. ताटली वृंदाच्या हातात देऊन त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाईसाब, मी मधी बोलणार नव्हते. पन भिंती पातळ हायेत. जवान पोर हाय, जरा ऐकून घ्या तिचं."

मी घाईघाईने त्यांना कागद दाखवला. भाभी, हे नाटक आहे, ऑडिशन आहे! त्यांनी कागद खालून वर आणि वरून खाली बघितला. "असं होय!" म्हणाल्या. आपल्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "तरी पन ऐकाच."

*

एसी दिवसातून वीस वेळा बंद-चालू केल्यावर तो एक दिवस कायमचा बंद झाला. बिल्डिंगच्या मेंटेनन्सने तानाजीला पाठवलं. तानाजी जत तालुक्यातला, अबोल माणूस. तो पॅसेजमध्ये शिडीवर चढला होता आणि आम्हाला त्याच दिवशी दुसरं गाणं संपवायचं होतं, कारण पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशीची. मी त्याला खुणेने सांगितलं, हलू नकोस. तो स्क्रू-ड्रायव्हर वर धरून तसाच थांबला.

मिहिका गायला लागली. इतके दिवस ती नीट गात होती. त्या दिवशी ती नुसती गात होती. शेवटी एक वरचा सूर आहे, तिथे तिचा आवाज फाटला. स्वच्छ फाटला! पण ती थांबली नाही. त्या फाटक्या आवाजावरूनच पुढे गेली आणि गाणं संपवलं. नंतर "वन मोअर?" असं म्हणायला गेली, तर घशातून आवाजच येईना.

मग शिडीवरून तानाजी म्हणाला, "ताई, वरती आवाज फाटला न्हवं का, तिथंच गाणं लागलं बघा."

हा किस्सा मी नेहमी इथे संपवतो. "एसीवाला परीक्षक!" म्हणून सगळे हसतात, कुणीतरी आणखी भात वाढून घेतं आणि विषय बदलतो.

*

आता न सांगितलेला.

दुसऱ्या दिवशी मिहिका शाळेत आणि वृंदा ऑफिसला गेली होती. मी घरून काम करत होतो. कॉलेजांच्या सूचना मी तीनदा वाचल्या होत्या. प्रत्येक गाणं सलग एका टेकमध्ये हवं, काटछाट नको, आवाजात कसलीही दुरुस्ती नको. तीनदा वाचलं आणि तो सूर सॉफ्टवेअरमध्ये उघडला. स्क्रीनवर तो रेषेच्या खाली घसरलेला दिसत होता. माउसने धरून वर सरकवला. झालं!

पण आता तो सूर इतका नेमका झाला की आजूबाजूचे बेसूर वाटायला लागले. तेही सरकवले. मग त्यांच्या आजूबाजूचे. तासाभरात सगळ्या गाण्याला इस्त्री झाली. ऐकून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? मी तो व्हिडिओ आठही ठिकाणी पाठवून दिला.

संध्याकाळी मिहिकाने विचारलं, "बाबा, डिड यू अपलोड?" मी इथल्या अरबीत म्हणालो, "खलास!" म्हणजे झालं. तिने मला मिठी मारली. तिने तो व्हिडिओ कधी बघितला नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग तिला ऐकवत नाही.

महिन्याभरात आठ नकार आले, दोन-दोन ओळींचे. कारण कुणी लिहीत नाही. माझ्या इस्त्रीमुळेच आले का? माहीत नाही. कदाचित मूळ आवाजालाही आठ नकार आले असते. पण त्या लोकांनी मूळ आवाज ऐकलाच नाही आणि हे फक्त मला माहीत आहे.

आठवा नकार आला त्या दिवशी मिहिका भिंतीवरच्या गोधड्या उतरवत होती. नीट घड्या घालत म्हणाली, "आय गेस आय वॉज जस्ट नॉट गुड इनफ, बाबा. इट्स ओके."

तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "चालतं गं." इतका भित्रा बाप तिला का मिळाला, देव जाणे!

आता ती इथेच बीबीए करते. मार्क चांगले आहेत. गात मात्र नाही, बाथरूममध्येसुद्धा नाही. वृंदालाही मी हे सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण वृंदा फोनवर बातम्या सोडून काही वाचत नाही आणि मिहिकाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हाही भित्रेपणाच म्हणा.

*

गोधड्या उतरल्या खऱ्या, पण पुढच्या वर्षी पुन्हा चढल्या. अल ऐनहून सावंत सिस्टरांचा फोन आला. त्या तिथल्या हॉस्पिटलात नर्स. त्यांच्या ऋचालाही हेच शिकायचं होतं. मला वाटलं, मिहिकाला त्रास होईल. पण मिहिकानेच सांगितलं, "टेल देम टु कम, बाबा." दर शनिवारी दोघी मायलेकी दीड तास गाडी चालवत यायच्या, डिकीत पेटी घेऊन! ऋचाचं सगळं शिक्षण त्या पेटीवरच झालेलं.

ऋचाच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये सिस्टर मध्येच खोकल्या होत्या. मी विचारलं, "हे साफ करू का?" म्हणजे बघा, अजून माझा हात शिवशिवत होताच! सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या हो. आमच्या घरात खोकला आहेच. त्यांना कळू दे."

खोकल्यासकट व्हिडिओ गेला आणि पसंत पडला! झूमवरची पुढची ऑडिशन आमच्याच खोलीतून झाली. समोर तीन अमेरिकन मास्तर. एकाने विचारलं, कोणत्या पट्टीत गाणार? ऋचा ताठ मानेने म्हणाली, "ब्लॅक फोर, सर!"

तिकडचे तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पेटीवाल्यांची काळी चार त्या बिचाऱ्यांना काय कळणार? कॅमेऱ्यामागून मिहिकाने घाईघाईने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून धरलं, ए फ्लॅट. ऋचाने ते वाचलं आणि म्हणाली, "इट्स ए फ्लॅट, सर. बट इन माय हाउस, इट्स ब्लॅक फोर." तिघेही इतके हसले की एकाने चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी तिला पेटी कॅमेऱ्यासमोर आणायला लावली.

ऋचाला प्रवेश मिळाला. बातमी आली तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने मिहिका ओरडली आणि ऋचाला उचलून गोल फिरवलं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. चहा ठेवतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा न ठेवताच तिथे उभा राहिलो.

*

आता हा मागच्याच महिन्यातला.

"गावं लागतं?" म्हणणाऱ्या इक्बालभाईंचा झयान यंदा बारावीला. त्यालाही म्युझिकल थिएटरच करायचं आहे! नसीमभाभी सांदणं घेऊन आल्या, इक्बालभाई इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले. मिहिका कॅमेऱ्यामागे, लॅपटॉपवर. मी नेहमीप्रमाणे रिमोट घेऊन. "एसी बंद!"

झयान छान गायला, पण वरच्या एका जागी आवाज चिरकला. गाणं संपल्यावर तो खाली बघत उभा राहिला. इक्बालभाई माझ्याकडे सरकले. "शिरीषभाय, येवढा एक सूर सरळ करून टाका ना. तुमच्याकडं मशीन हाय. कोनाला कळतंय?"

मी रिमोटकडे बघत राहिलो.

मिहिकाने लॅपटॉपवरून मान वर केली. आणि जी एरवी घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, ती इक्बालभाईंना नीट कळावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाली, "नाही काका. तसं नाही करायचं. माझा पण आवाज फाटला होता, याच खोलीत. बाबांना सगळं येतं, तरी त्यांनी एक सूरही बदलला नाही. जसं गायले तसंच पाठवलं. आठ जण नाही म्हणाले, पण माझंच गाणं ऐकून म्हणाले ना."

एसी बंद असल्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला. इक्बालभाई उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"माशाल्ला! बाप असावा तर असा!"

मी एसी लावला.